पचमढीचा ताबा

भोपाळात एखादा मनुष्य घाई करू लागला, की शेजारीपाजारी प्रथम त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. मोठ्या तलावाकडे तोंड करून, मिठाची कणी घातलेला चहा पुढ्यात घेऊन, तो निवेपर्यंत राजकारणावर आणि निवल्यावर त्या निवलेल्या चहावर बोलत बसण्याची ज्या नगरीची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, त्या नगरीत मी वयाच्या सहाव्या वर्षापासून राहत असल्यामुळे, सावकाशपणाच्या बाबतीत आपल्याला कोणाकडून काही शिकावयाचे राहिले आहे, अशी शंकाही माझ्या मनाला कधी शिवली नव्हती. गेल्या श्रावणात आमचे साडू, त्यांची हिशेबाची वही आणि सातपुड्याचा एक घाट यांनी संगनमत करून मला त्या भ्रमातून बाहेर काढले.

साडू नागपूरचे. उभा जन्म हिशेबतपासणीच्या खात्यात गेल्यामुळे, आकाशात इंद्रधनुष्य उमटले तरी त्यातले रंग सात भरतात की नाही याची खातरजमा केल्यावाचून ते त्याला मान डोलावीत नाहीत. मनुष्य अंतःकरणाचा निर्मळ. परंतु त्यांच्या आणि माझ्या दरम्यान एक दावा १९५६ सालापासून प्रलंबित आहे. वास्तविक तो आमच्या तीर्थरूपांच्या पिढीचा. आम्हांस तो घरातल्या पितळी भांड्यांबरोबर वारसाहक्काने आला. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि त्या दिवसापर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून मिरवणारे नागपूर एका रात्रीत त्या पदावरून पायउतार झाले. सचिवालयाची दप्तरे, कपाटे, टंकयंत्रे आणि त्या टंकयंत्रांमागे बसणारे कारकून असा सारा सरंजाम भोपाळास रवाना करण्यात आला. त्या सरंजामात माझे वडील होते, आणि वडिलांच्या ट्रंकेवर बसून मी होतो. गंमत अशी, की राजधानीचा मान पावलेले हे शहर त्या वेळी स्वतः सीहोर जिल्ह्यात मोडत होते, आणि स्वतःच्या नावाचा जिल्हा मिळण्यासाठी त्याला १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. पण त्याबद्दल भोपाळाने कधी आरडाओरडा केल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. आम्हांला बिऱ्हाड मिळाले ते तात्या टोपे नगरात, ज्याला आता त्यातले तात्या आणि टोपे दोघेही गाळून सगळे टी. टी. नगर म्हणतात. ज्या वीराने इंग्रजांच्या पलटणींना मध्य हिंदुस्थानभर दमेपर्यंत पळविले, त्याच्या नावाच्या वसाहतीत माझ्या वडिलांनी एकवीस वर्षे एकाच खुर्चीवर काढली.

साडूंचे म्हणणे असे, की राजधानी नेली ती नेली. उच्च न्यायालय जबलपूरला गेले तेही गेले. परंतु पचमढी कशाच्या आधारावर नेली? मध्य प्रांताचे सरकार उन्हाळा लागला की नागपूर सोडून पचमढीस मुक्काम हलवीत असे, ती प्रांताची ग्रीष्मकालीन राजधानी होती. अर्थात पचमढी ही नागपूरची माडीवरची खोली, आणि वाटणी करताना जिना भोपाळाकडे गेला म्हणून कोणी खोलीही घेऊन जात नाही. याशिवाय त्यांच्याजवळ एक जुना दाखला आहे. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरकर आप्पासाहेब भोसले आश्रयास गेले ते याच महादेवाच्या डोंगरात, गोंड सरदारांकडे. "राजा आपल्याच घरात लपतो," असे साडू म्हणतात. शत्रूच्या घरात लपणे सोयीचे नसते एवढाच त्याचा अर्थ, असे मी म्हणतो. आणि इथे दरवेळी जेवायची हाक येते.

तर अशा साडूंसमोर आमच्या सौभाग्यवतींनी सहज सूचना मांडली, की एकदा आपण सगळे मोटारीने पचमढीला जाऊ. कसली घाई नको, झाडी, डोंगर, धबधबे पाहत, वाटेल तिथे थांबत, अगदी निवांत. 'निवांत' हा शब्द साडूंनी मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निवांतपणाचे वेळापत्रक तयार करून, त्याच्या तीन प्रती काढून, एक माझ्या सहीसाठी पुढे केली. तीत 'सकाळी ६.०० प्रस्थान', '७.१० ते ७.२५ वनशोभा', '९.०५ नर्मदादर्शन (नाणे टाकण्यासह)' अशा नोंदी होत्या, आणि शेवटी 'वाटेल तिथे थांबणे' या बाबीस एकंदर वीस मिनिटे मंजूर केलेली होती.

प्रस्थान आठ वाजून चाळीस मिनिटांनी झाले. यात कोणाचा दोष होता असे नाही. मराठी कुटुंब प्रवासास निघते तेव्हा घराला कुलूप एकदा लावून भागत नाही. ते लावून, ओढून, पुन्हा उघडून, गॅस बंद केल्याचे पाहून, पाहिल्याचे दुसऱ्याकडून पाहून घेऊन मगच लागते. शिवाय मेहुणीबाईंनी दोनशे किलोमीटरच्या वाटेसाठी केलेली शिदोरी, म्हणजे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचे लोणचे, बेसनाचे लाडू आणि 'लागलाच तर' म्हणून गोडाचा शिरा, ही मोटारीत चढविल्यानंतर माणसे कोठे बसवावयाची हा प्रश्न उरला. मोटार वयाने एकवीस वर्षांची आणि अंगाने लहानखुरी. मी ती ताशी चाळीसच्या वर नेत नाही, आणि माझ्या डाव्या बाजूस बसून साडू काट्यावर नजर ठेवून असल्यामुळे बेचाळीस झाले तरी त्याची नोंद होते. मागे दोघी बहिणी, आणि दोघींच्या मध्ये डबे व अकरा वर्षांचा माझा नातू, असे परस्परांवर रचलेले होते.

मंडीदीपचे कारखाने मागे पडून ओबेदुल्लागंज आले, आणि वनशोभेचा अधिकृत काळ केव्हाच टळून गेला असूनही साडूंनी ती पाहण्यास तोंडी परवानगी दिली. उजव्या हाताला भीमबेटकाच्या टेकड्या दिसू लागल्या. या टेकड्यांपाशी आलो, की मला एका मनुष्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. १९५७ साली उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर आगगाडीने या बाजूने चालले असता त्यांना खिडकीतून हे खडक दिसले. असे खडक त्यांनी अन्यत्र पाहिले होते, त्यांच्या पोटात काय असते हे ते जाणून होते, म्हणून ते परत आले, पायी चालत वर गेले, आणि हजारो वर्षांमागच्या माणसांनी रंगविलेली हरणे, हत्ती, शिकारी आणि नाचणाऱ्यांच्या रांगा जगासमोर आल्या. २००३ साली जागतिक वारशाच्या यादीत ते ठिकाण गेले. त्याच वाटेने त्यापूर्वी किती आगगाड्या गेल्या असतील, आणि त्यांच्या खिडक्यांतून किती उतारूंनी तेच खडक पाहून मुलांना 'बघ डोंगर' एवढेच सांगितले असेल! मी हे बोलत असताना माझा नातू खिडकीतून बाहेर पाहत होता. पुरातत्त्वाला वाहिलेला आणखी एक डोळा आपल्या कुळात निपजतो की काय, या आशेने मी त्याला काय दिसते ते विचारले. तो म्हणाला, "आजोबा, मागे बारा ट्रक आहेत."

ते खरे होते. निवांत प्रवास हा आपल्या पुढील रस्त्यापुरता असतो. आपल्या पाठीमागे जे जमत जाते ते निवांत नसते. यापुढे रातापानीचे सागवान सुरू होते, ज्या अरण्याला २०२४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि वाकणकरांचेच नाव देण्यात आले. वन्य प्राणी रस्ता ओलांडतात, वाहने हळू चालवा, अशी पाटी तेथे होती. आजवर पाहिलेल्या समस्त सरकारी पाट्यांपैकी तंतोतंत पाळली गेलेली ती पहिली पाटी असावी, कारण त्या दिवशी माझ्यामुळे भोपाळ ते बुधनी एवढा सगळा रस्ता वाघांना ओलांडण्यासाठी मोकळा होता. श्रावणातला सागवान पाहण्याजोगा असतो. सुपाएवढाली पाने, माथ्यावर पांढुरक्या फुलांचे तुरे, आणि सर आली की पानांवर पाण्याचा असा आवाज, की जणू लांब कुठेतरी जेवणाच्या पंगतीत पत्रावळी मांडल्या जात आहेत. नातवाने एका थांब्यावर कोवळे पान तोडून तळहातावर चोळले. सागाच्या कोवळ्या पानांतून तांबडा रंग निघतो हे मी त्याला शिकविले होते, परंतु मेहुणीबाईंना शिकविले नव्हते. तो लाल पंजा खिडकीतून अकस्मात आत आला तेव्हा त्यांनी फोडलेली किंकाळी, त्या प्रकल्पात खरोखर वाघ असतील तर त्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील.

नर्मदा आली. नर्मदापुरमच्या, म्हणजे २०२२ पर्यंतच्या होशंगाबादच्या, पुलावरून जाताना नदीत नाणे टाकावयाचे हा मातेचा मान. तो चुकविण्याची कोणाची छाती नाही. मेहुणीबाईंनी पाच रुपयांचे नाणे काढले. साडूंनी, श्रद्धेत काही न्यून न येता रक्कम कमी करता येते या तत्त्वावर, ते बदलून एक रुपयाचे दिले. आता आमच्या मोटारीच्या मागल्या डाव्या काचेचा असा शिरस्ता आहे, की ती चार बोटे खाली येते आणि मग फिरवावयाची दांडी हातात येते. त्या चार बोटांच्या फटीतून, डोळे मिटून, 'नर्मदे हर' म्हणून मेहुणीबाईंनी नाणे फेकले. ते कठड्याच्या लोखंडावर खणकन आपटले, परतले, त्याच फटीतून आत शिरले आणि पुढल्या आसनावर साडूंच्या मांडीवर येऊन पडले. मोटारीत क्षणभर कोणी बोलले नाही. साडूंनी नाणे उचलून दोन्ही बाजूंनी पाहिले, खिशातून वही काढली आणि 'नर्मदा खाती खर्च' या नोंदीखाली 'परत जमा रु. १' असे लिहिले. दोघी बहिणींना मात्र हा गोष्टीचा शेवट मान्य नव्हता. मातेने दान नाकारले ते साडूंनी पाचाचे एक केले म्हणून, असा निष्कर्ष काढून त्यांनी मोटार सेठानी घाटाकडे वळवावयास लावली. तेथे पायऱ्या उतरून, पुराच्या गढूळ पाण्याला हात लावून, पाचाचे नाणे स्वहस्ते अर्पण करण्यात साडूंचा एक तास आणि चार रुपये गेले. चार रुपयांबद्दल ते सोहागपूरपर्यंत काही बोलले नाहीत. तासाबद्दल पिपरियापर्यंत बोलत होते.

सोहागपूर, पिपरिया ही गावे सपाटीची. त्यांच्याविषयी एवढेच सांगतो, की आम्ही दोन्ही ठिकाणी जेवलो. मटकुलीपाशी देनवा नदी ओलांडली, की रस्ता मान वर करतो. येथून वरची वाट सातपुड्याच्या अंगावरून वळवळत जाते. डाव्या-उजव्या कड्यांवर ढग कापसासारखे लोंबत असतात, आणि पावसाळ्यात दर वळणावर एखादे नाव नसलेले पाणी कातळावरून उडी टाकून रस्त्याखालून निघून जाते. खालचा सागवान मागे राहून हळूहळू सालाची झाडी सुरू होते. सालाचे झाड सरळ, गंभीर, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या अंमलदारासारखे. सागासारखी पाने पसरून ते कोणाचे लक्ष वेधून घेत नाही. मी सौभाग्यवतींना हा फरक समजावून सांगत असतानाच आमच्या मोटारीच्या बॉनेटखालून वाफ येऊ लागली. धुके असेल असे प्रथम वाटले, परंतु धुक्याला वास नसतो.

एका वळणावर मोटार उभी केली. टोपण लगेच उघडू नये एवढे मला ठाऊक होते, म्हणून आम्ही पाऊण तास वाट पाहिली. समोरच, तीन माणसे एकावर एक उभी राहिली तर हात पोचावा एवढ्या उंचीवरून, एक बिननावाचा धबधबा पडत होता. खाली शेवाळलेला दगड, दगडाच्या खळग्यात फिरत राहिलेले एकच पिवळे पान, वर नेच्यांचे झुबके. पाणी इतके थंड, की नातवाने त्यात बोट घालून ते लगेच तोंडात घातले. पायरी नाही, तिकीट नाही, सज्जा नाही. इंजिन निवल्यावर मी थर्मासच्या झाकणाने ते पाणी आणून मोटारीस पाजू लागलो. झाकणात मावते अर्धी वाटी, आणि मोटारीची तहान घागरीची; त्यामुळे मी धबधबा ते मोटार अशा किती खेपा केल्या ते साडूंच्या वहीत पाहावे लागेल. एकोणिसाव्या खेपेस एक जीप शेजारून हळू झाली. आमच्या पाटीवरचा एमपी ०४ पाहून आतला चालक आपल्या गावचा माणूस ओळखून म्हणाला, "को खां, पूरा झरना पिला के मानोगे क्या?" आणि तेवढ्या सत्कर्मावर समाधान मानून निघून गेला. भोपाळकर संकटात मदत करीलच असे नाही, परंतु चौकशी केल्यावाचून पुढे जात नाही.

त्या पाऊण तासात काय झाले कोण जाणे, साडू वही मिटून दगडावर बसले होते. त्यांनी लाडू मागून घेतला आणि घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकले.

पचमढीत शिरलो तेव्हा मात्र शांत गिरिस्थानाची माझी सारी कल्पना धुळीस, किंवा त्या ऋतूत चिखलास, मिळाली. नागपंचमी जवळ आली होती हे आम्ही सर्व विसरलो होतो. येथल्या व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या नागद्वारी या देवस्थानाची वाट वर्षातून याच काही दिवसांपुरती उघडते, आणि ती उघडली की सारा विदर्भ महादेवाला निघतो. अमरावतीच्या मोटारी, वर्ध्याच्या जीपगाड्या, यवतमाळची ट्रॅव्हल. पाट्यांवर एमएच २७, ३२, २९, ३१. पडवीतून, झाडाखालून, चहाच्या टपरीतून वऱ्हाडी बोल. दांडीला वाळत घातलेली धोतरे आणि नऊवार पातळे. मंडळांच्या मांडवात मोठ्या कढयांतून वाढला जाणारा भात आणि वरण. 'हर हर महादेव' ऐकता ऐकता साडू हळूहळू आसनावर ताठ होत गेले. त्यांनी पहिल्या फर्लांगात अठ्ठावीस मराठी पाट्या मोजल्या आणि माझ्याकडे वळून, अत्यंत मृदू स्वरात, म्हणाले, "अहो भोपाळकर, ताबा कोणाचा हे दप्तरावरून ठरत नसतं."

पुढच्या दोन दिवसांचा वृत्तांत थोडक्यात उरकतो. जी मोटार आम्ही वनश्रीतून निवांत हिंडण्यासाठी इतक्या हालांनी वर आणली, तिला धूपगडाच्या वनात प्रवेश नाही असे बायसन लॉजपाशी समजले. हा बंगला १८६२ साली येथे आलेल्या कॅप्टन फॉर्सिथच्या नावावर आहे. तेथे जिप्सी ठरवावी लागली. तिच्या तरुण चालकाने धूपगडाचे वळण आम्हांला ज्या वेगाने दाखविले, त्या वेगाने पाहिलेला निसर्ग फक्त देवाच्या नावासह पाहता येतो. धूपगड सातपुड्याचे सर्वोच्च शिखर, उंची १३५२ मीटर, सूर्यास्तासाठी विख्यात; आम्ही गेलो त्या सायंकाळी तेथे धुके असे, की सूर्य मावळला की नाही हे ठरविण्यास घड्याळ पाहावे लागले, आणि ते साडूंच्या खिशात होते. मी १३५२ हा आकडा किंचित अभिमानाने उच्चारला. साडू स्वतंत्र विदर्भाचे आजन्म पुरस्कर्ते. मुंबईचे नाव निघाले तरी त्यांच्या कपाळावर आठी पडते. परंतु त्या क्षणी त्यांनी तत्त्वनिष्ठा बाजूस ठेवून अकोल्याच्या, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या, कळसूबाईला हाक मारली. "१६४६," ते म्हणाले. "तूट २९४ मीटर." हांडी खोहच्या कड्यावर एक मनुष्य त्याच धुक्यात दुर्बीण भाड्याने देत होता. साडूंनी पैसे भरून तीतून पाहिले, आणि धुके जवळून दिसते असा शेरा दिला.

बी फॉलला, ज्याला कागदोपत्री जमुना प्रपात म्हणतात, उतरणाऱ्या पायऱ्या जाताना कोणी मोजीत नाही आणि येताना सगळे मोजतात. रजत प्रपात साडेतीनशे फूट असे वाटाड्याने सांगितले, "कोणी मोजले?" असे साडूंनी विचारले, पडणाऱ्या पाण्याने मोजले असेल, असे तो म्हणाला. असे उत्तर देणारा मनुष्य हिशेबखात्यात मोठ्या पदास पोहोचला असता, असे साडू रात्री जेवताना दोनदा म्हणाले. एकंदरीत धबधब्यांचा निकाल त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला तो मी नंतर पाहिला. पहिला क्रमांक 'घाटातील, नाव नाही' असा होता. कारण, 'उपयोगी पडला'.

परत निघालो त्या सकाळी मटकुलीच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीच्या बाकावर यात्रेहून उतरलेली एक म्हातारी बसली होती; पाय पुढे पसरलेले, टाचांना चिखल वाळलेला, मांडीवर प्रसादाची पुडी. तिने प्रथम साडूंना न्याहाळले.

"कोन्त्या गावचे जी तुमी?"

"नागपूर," साडू म्हणाले.

"आपलेच होय," म्हणून तिने मान डोलावली, आणि मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, भोपाळचा. ती जरा थबकली. माझे मराठी, माझा सदरा, सौभाग्यवतींचे मंगळसूत्र, सगळे पुन्हा एकदा पाहून तिने पुडी सोडली आणि त्यातला मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"भोपायचे होय काय! मंग तं पाव्हने झाले आमचे. घ्या, खा."

माझ्या राज्यात, माझ्याच डोंगराच्या पायथ्याशी, पाहुणा होऊन मी तो प्रसाद खाल्ला. चहाचे पैसे देण्यासाठी मी खिशात हात घातला तेव्हा साडूंनी माझे मनगट धरले. पस्तीस वर्षांच्या नात्यात त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिल्याचे मला स्मरत नव्हते. त्यांनी साठ रुपये मोजून टपरीवाल्याच्या हातावर ठेवले, वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे की नाही ते पाहिले, आणि लिहिले: 'आतिथ्य — परप्रांतीय पाहुणे.'